बाईंची जमीन

अमेरिकेतला १९३०च्या दशकातला दुष्काळ आणि ती धुळीची वादळं, हा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास समोर येतात. एक म्हणजे डोरोथिया लँगने १९३६ साली काढलेला तो फोटो. कपाळाला आठ्या घालून लांब कुठेतरी बघणारी आई आणि तिच्या खांद्यांना बिलगलेली पोरं. दुसरी म्हणजे जॉन स्टाइनबेकची १९३९ सालची ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’. गंमत बघा, फोटोतली ती बाई मूळची ओक्लाहोमाची खरी, पण वादळं सुरू व्हायच्या बऱ्याच आधी, १९२०च्या दशकातच ती कॅलिफोर्नियात गेली होती. आणि कादंबरीतलं जोड कुटुंब ज्या सॅलिसॉ गावचं दाखवलंय, ते ओक्लाहोमाच्या पूर्व टोकाला, धुळीच्या पट्ट्यापासून शेकडो मैल लांब आहे. म्हणजे ज्या दोन चित्रांवरून जगाला हा दुष्काळ कळला, त्यांतली माणसं त्या पट्ट्यातली नव्हतीच.

आणि खुद्द त्या पट्ट्यातली बहुतेक माणसं तर कुठे गेलीच नाहीत. ती तिथेच राहिली. जे निघून गेले त्यांचे फोटो निघाले, त्यांच्यावर कादंबऱ्या आल्या, सिनेमे आले. जे राहिले त्यांचं काय झालं, हे कुणी फारसं विचारलं नाही.

राहिलेल्यांपैकी एक होत्या कॅरोलाइन हेंडरसन. शेतकरीण आणि मास्तरीण. १८७७ साली जन्मल्या, १९६६ साली गेल्या. त्यातली जवळजवळ ५८ वर्षं एकाच शेतावर. मला त्या पहिल्यांदा भेटल्या केन बर्न्स यांच्या २०१२ सालच्या ‘द डस्ट बोल’ या माहितीपटात, तेही फक्त आवाजातून, कारण त्यात त्यांची पत्रं वाचून दाखवली आहेत. मग ॲल्विन टर्नर यांनी संपादित करून २००१ साली प्रसिद्ध केलेला त्यांच्या लेखनाचा संग्रह मिळवला. वाचायला घेतला तेव्हा डोक्यात एक साधी पोस्ट होती. जिद्दी बाई, दुष्काळाला पुरून उरली, सलाम वगैरे. वाचून संपल्यावर ती पोस्ट लिहिता येईना. का, ते सांगतो.

आधी त्या तिथे पोचल्या कशा, ते बघू.

कॅरोलाइनबाई विस्कॉन्सिनमधल्या खात्यापित्या शेतकरी घरातल्या. मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट होल्योक या मुलींच्या नावाजलेल्या कॉलेजातून १९०१ साली भाषा-साहित्य घेऊन पदवीधर झाल्या. मग आयोवात रेड ओकला आणि पुढे डे मॉइनला हायस्कुलात इंग्रजी आणि लॅटिन शिकवलं. त्या काळात एकट्या शिकलेल्या बाईला याहून बरी नोकरी मिळणं अवघड. पण घटसर्पाच्या मोठ्या आजारातून उठल्यावर त्यांनी ती सोडली आणि १९०७ साली पश्चिमेकडची वाट धरली, ओक्लाहोमाच्या पॅनहँडलकडे.

नकाशात ओक्लाहोमा बघा. पातेल्यासारखं राज्य आणि त्याला डावीकडे चिकटलेली लांब दांडी. ती दांडी म्हणजे पॅनहँडल. तिची कथाही मजेशीर आहे. टेक्सस हे गुलामगिरी असलेलं राज्य होतं आणि ठरलेल्या अक्षांशाच्या वर गुलामगिरी चालणार नव्हती, म्हणून टेक्ससने ही पट्टी सोडून दिली. पुढे ती कुठल्याच राज्यात नव्हती. नाव पडलं ‘नो मॅन्स लँड’, कुणाचीच नसलेली जमीन. १८९० साली ती ओक्लाहोमा टेरिटरीला जोडली.

कुणाचीच नसलेली? हे नाव देणाऱ्यांच्या हिशेबात कोमांची आणि किओवा धरलेलेच नव्हते. हा सगळा मुलूख त्यांच्या शिकारीचा. १८६७ च्या मेडिसिन लॉज करारात शिकारीचे काही हक्क कागदावर राखले गेले. पण पुढच्या सात-आठ वर्षांत कातड्याच्या व्यापाऱ्यांनी रानगव्यांचे कळप जवळजवळ संपवले आणि १८७४-७५ च्या युद्धानंतर उरलेले लोक राखीव क्षेत्रात कोंडले गेले. बाई पोचल्या तेव्हा या गोष्टीला जेमतेम तीस-बत्तीस वर्षं झाली होती. जमीन रिकामी दिसत होती, कारण ती रिकामी केली गेली होती. हे नजरेआड करून पुढचं वाचलं तर ते खोटं वाचन होईल.

आता कायदा. १८६२ साली लिंकनने सही केलेला होमस्टेड कायदा म्हणतो, १६० एकर सरकारी जमीन घ्या, तिच्यावर पाच वर्षं राहा, कसा, नाममात्र शुल्क भरा, जमीन तुमची. अर्जदार २१ वर्षांचा किंवा कुटुंबप्रमुख हवा. पुरुषच हवा, असं कुठेही लिहिलेलं नाही. त्यामुळे अविवाहित, विधवा, घटस्फोटित बाईला स्वतःच्या नावावर जमीन घेता येत होती. लग्न झालेल्या बाईला मात्र सहसा नाही, कारण कुटुंबप्रमुख नवरा.

म्हणजे बघा. १९०७ साली तिशीतली एक अविवाहित शिक्षिका येते आणि १६० एकरांवर स्वतःच्या नावाने दावा लावते. आपल्या भाषेत सातबाऱ्यावर तिचं नाव लागायची सोय होते. त्याच बाईला मत द्यायचा हक्क मात्र ओक्लाहोमात मिळायला १९१८ साल उजाडावं लागतं. अकरा वर्षं ती जमीनदार होती, मतदार नव्हती!

ईव्हा नावाच्या छोट्या वस्तीजवळची ही जमीन. झाड नाही, ओढा नाही, नजर जाईल तिथवर गवत. बाईंनी एका खोलीचं लाकडी खोपट बांधून घेतलं आणि जवळच्या शाळेत शिकवायला लागल्या. अशा शाळा म्हणजे एक खोली, एक शेगडी, एक शिक्षिका आणि पहिलीपासून आठवीपर्यंतची सगळी पोरं एकत्र. कालपर्यंत लॅटिन शिकवणाऱ्या बाई आता बाराखडीपासून सुरुवात करत होत्या. माउंट होल्योकची मैत्रीण रोज ऑल्डन हिला त्यांनी लिहिलेली तेव्हाची पत्रं वाचा, बाई नुसत्या खूश आहेत. मोकळं आकाश, आपली जमीन, आपलं घर.

पुढे विहीर खणायला माणसं बोलावली. त्या टोळीत विल हेंडरसन नावाचा, पूर्वी गुरं राखणारा काउबॉय होता. मे १९०८ मध्ये दोघांचं लग्न झालं. नवरीनं सासरी जायचं, ही रीत इथे उलटी झाली. विलच बाईंच्या जमिनीवर राहायला आला. १९१० साली मुलगी झाली.

हे सगळं वाचताना छान वाटतं. पण १९११ पासून पाऊस दगा द्यायला लागला. या भागात सरासरी पाऊसच वीस इंचांच्या आत. ‘सरासरी’ हा शब्द किती फसवा असतो, ते दुष्काळी भागातल्या माणसाला सांगायला नको. हेंडरसन पेरायचे ते ब्रूमकॉर्न, म्हणजे ज्वारीचाच एक भाऊबंद. त्याच्या कणसाच्या लांब काड्यांचे झाडू बनतात. पिकं गेली की घर कोंबड्या, अंडी आणि दुधाच्या सायीवर चालायचं, म्हणजे बाईंच्या कामावर. घरात पैसा यावा म्हणून त्या ‘लेडीज वर्ल्ड’ या मासिकात लिहायला लागल्या. सदराचं नाव ‘होमस्टेड लेडी’. शहरातल्या वाचक बायकांना प्रेअरीवरचं आयुष्य कसं असतं ते सांगायचं.

इथे एक गोष्ट लक्षात आली. ‘शेतकऱ्याची बायको’ हा शब्द आपण किती सहज वापरतो. या घरात जमिनीचा पहिला तुकडा बाईंचा, नगद पैसा आणणारी लेखणी बाईंची, कोंबड्या-गाईंचं काम बाईंचं. तरी सरकारी गणतीत अशा बाईचा व्यवसाय काय लिहिला जायचा? बहुतेक वेळा काहीच नाही. गृहिणी.

मग पहिलं महायुद्ध आलं. युरोपात शेती थांबली, अमेरिकन सरकारने गव्हाला बुशेलमागे दोन डॉलरच्या वर हमीभाव दिला. बुशेल म्हणजे साधारण २७ किलो. अख्खा प्रदेश गव्हामागे लागला. युद्ध संपलं, भाव पडले, पण तोवर ट्रॅक्टर आले होते. भाव पडले म्हणून शेतकऱ्यांनी कमी पेरलं का? उलट झालं. कर्जाचा हप्ता तोच, भाव निम्मा, म्हणून क्षेत्र दुप्पट. १९२५ ते १९३० या पाच वर्षांत दक्षिण मैदानी प्रदेशात ५० लाख एकरांहून जास्त गवताळ जमीन नव्याने नांगरली गेली. १९३१ साली विक्रमी गहू आला आणि भाव २५ सेंटच्या आसपास कोसळला. कोठारं भरली, खिसे रिकामे. हे वाक्य कुठल्याही देशातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

त्यानंतर पाऊस थांबला. ज्या गवताच्या मुळांनी हजारो वर्षं माती धरून ठेवली होती, ते गवत आता नव्हतं. चकत्यांच्या नव्या नांगराने वरची माती पिठासारखी झाली होती. वारा तिथे कायमचाच. माती उठली.

हेंडरसनही गहू पिकवत होते. त्यांनीही जमीन वाढवून ६४० एकरांपर्यंत नेली होती. इथेच माझी ‘सलाम’वाली पोस्ट अडकली. बाई निसर्गाच्या कोपाला तोंड देणारी निव्वळ बिचारी नव्हती. जी चूक अख्ख्या प्रदेशाने केली, तिच्यात तिचाही नांगर होता.

या सगळ्या धांदलीत बाईंनी एक वेगळंच काम केलं. मुलगी कॅन्ससच्या विद्यापीठात शिकायला गेली तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या आईनेही तिथे साहित्याच्या एम.ए.ला नाव घातलं आणि पदवी मिळवली. मुलगी पुढे डॉक्टर झाली. घरात धूळ, हातात कर्ज, आणि बाईंचा प्रबंध चाललाय साहित्यावर! मला तरी वाटतं, त्या शाळेत नसतानाही शिक्षिकाच राहिल्या. शिकणं ही चैन आहे असं त्यांना कधी वाटलंच नाही.

आणि मग ती पत्रं. १९३३ साली ‘अटलांटिक मंथली’ने दोन शेतकरी बायकांचा पत्रव्यवहार छापला. एक मेरीलँडची इव्हलिन हॅरिस आणि दुसऱ्या आपल्या बाई. मे १९३६ मध्ये त्याच मासिकात ‘लेटर्स फ्रॉम द डस्ट बोल’ आलं. १४ एप्रिल १९३५ चा तो ‘काळा रविवार’ होऊन वर्ष झालं होतं. भर दुपारी रात्र करणारा धुळीचा तो डोंगर वर्तमानपत्रांत गाजला होता. बाईंच्या पत्रांत डोंगर नाहीत. त्यांत घर आहे. खिडक्यांच्या फटींना गोंदाच्या कागदी पट्ट्या चिकटवायच्या. तोंडाला रुमाल बांधायचा, नाकपुड्यांना आतून व्हॅसलिन लावायचं आणि झाडायला सुरुवात करायची. झाडून होईस्तोवर स्वयंपाकघराच्या फरशीवर पुन्हा बारीक माती, कधी नुसता थर, कधी वाळवंटासारख्या लाटा. वर्षानुवर्षं जपलेली बाभळीसारखी काटेरी झाडं एकेक करून वाळली. त्या झाडांचं काय झालं, तर कुंपणाच्या खुंटांचा एक लहानसा ढीग. बाई हे एका वाक्यात सांगतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. मी मात्र त्या वाक्यावर बराच वेळ थांबलो होतो.

‘तुम्ही निघून का जात नाही?’ हा प्रश्न त्यांना लोक विचारत असणारच. पूर्वेकडचे काही शहाणे तर सरळ म्हणत होते की हा भाग रिकामाच करावा, तिथे माणसांनी राहूच नये. बाईंचं उत्तर भावनिक नाही. जायचं कुठे? मंदी सगळीकडे आहे. इथे निदान डोक्यावर छप्पर आहे, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मेहनत जमिनीत आहे, ती कुणी विकत घेणार नाही. आणि पाऊस येऊही शकतो. मी याला जिद्द म्हणणार नाही. हा हिशेब आहे. आपल्याकडे असलेला एकमेव पर्याय नीट डोळे उघडून बघणं.

१९३५ साली त्यांनी कृषिमंत्री हेन्री वॉलेस यांना लांबलचक पत्र लिहून इथली परिस्थिती कळवली. सरकारच्या नावाने नुसती बोटं मोडण्यात त्यांना रस नव्हता, आणि मदत घेणारे शेजारी आळशी आहेत हेही त्यांना मान्य नव्हतं. कामावर जाणारी माणसं त्या रोज बघत होत्या. जमिनीच्या उताराला आडव्या, समपातळीत खोल सऱ्या पाडायच्या, म्हणजे वारा अडेल आणि पडलेलं पाणी जागच्या जागी मुरेल, या योजनेत त्यांना खरा अर्थ दिसला. एप्रिल १९३५ मध्ये ह्यू बेनेट यांच्या पाठपुराव्यातून मृदसंधारणाचा कायदा झाला होता. १९३४ ते १९४२ या काळात कॅनडाच्या सीमेपासून टेक्ससपर्यंत वारा अडवायला सुमारे २२ कोटी झाडं लावली गेली. पाणलोटाच्या कामाचे फायदे आज आपल्याला पाठ आहेत. तेव्हा ते शेतकऱ्याला पटवून द्यायला सरकार पैसे मोजत होतं.

एक योगायोग सांगतो. याच १९३५ साली लॉरा इंगल्स वाइल्डरचं ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ प्रसिद्ध झालं. लॉराही प्रेअरीवरची, तीही सोळावं सरायच्या आत शाळेत शिकवायला लागलेली, तिचंही शेतकऱ्याशी लग्न झालेलं. दुष्काळ आणि कर्जाने हैराण होऊन तिने १८९४ साली डकोटा सोडलं आणि मिझुरीला गेली. पासष्टीला तिचं पहिलं पुस्तक आलं आणि लहानपणीची ती प्रेअरी जगाच्या लाडकी झाली. तिच्या पुस्तकावर नऊ वर्षं टीव्ही मालिका चालली. लॉराने आठवणीतली प्रेअरी लिहिली आणि बाईंनी त्याच वेळी दाराबाहेरची. यातली एक पोरांच्या कपाटात पोचली, दुसरी मासिकाच्या जुन्या अंकात राहिली. दोन्ही खरी आहेत. पण शेतीच्या धोरणावर बोलताना, अमेरिकेत काय आणि इतरत्र काय, आपण बहुतेक वेळा पहिलीच डोळ्यांपुढे ठेवतो. हिरवंगार शेत, कष्टाळू कुटुंब, समाधानी आई.

१९४० नंतर पाऊस परतला, दुसऱ्या महायुद्धाने भाव चढले. गोष्ट इथे गोड संपायला हरकत नव्हती. पण बाईंची उतारवयातली पत्रं गोड नाहीत. शेजारी तेच पुन्हा करताना त्यांना दिसत होते. भाव आला की नांगर बाहेर. शिवाय आता जमिनीखालचं पाणी हाताला लागलं होतं. ओगलाला नावाचा तो प्रचंड भूजलसाठा, हजारो वर्षांत जमलेला. युद्धानंतर ताकदवान पंप आले आणि उपसा सुरू झाला. आज त्या साठ्याच्या दक्षिण भागात पाणी इतकं खाली गेलंय की काही ठिकाणी सिंचन सोडून द्यावं लागलंय. मातीच्या जागी पाणी आलं, एवढाच फरक.

आपण आयुष्यात जे करायला आलो ते जमलं नाही, अशी खंत बाईंच्या शेवटच्या वर्षांतल्या लेखनात आहे. हे वाचून त्यांची समजूत घालावीशी वाटते. ‘अहो बाई, मुलगी डॉक्टर केलीत, एवढं लिहिलंत, टिकून राहिलात.’ पण त्यांना ती समजूत चालली नसती. त्या आयुष्यभर आकडे तपासणाऱ्या होत्या. स्वतःचाही आकडा त्यांनी तसाच तपासला.

१९६५ साली तब्येतीपुढे इलाज चालेना, तेव्हा दोघं म्हातारे शेत सोडून ॲरिझोनात मुलीकडे गेले. १९६६ साली आधी विल गेला, काही महिन्यांनी बाई. वय ८९.

त्यांची ती जमीन आज ट्रस्टमध्ये आहे. अट एकच, ती पुन्हा कधीही नांगरायची नाही.

मी ही अट वाचली आणि मग कळलं की पोस्ट कशावर लिहायची. तिशीत ज्या बाईने कायद्याची अट म्हणून जमीन नांगरली, कारण नांगरल्याशिवाय ती नावावर होतच नव्हती, तिच्या मागे त्याच जमिनीला न नांगरण्याची अट लागली. या दोन अटींच्या मधे ५८ वर्षं, एक शाळा, एक संसार, शेकडो पत्रं आणि स्वयंपाकघरातून झाडून काढलेली कितीतरी माती आहे. कायदा करणाऱ्यांना ‘कसा नाहीतर जमीन मिळणार नाही’ हे लिहायला एक ओळ पुरली. त्यातली चूक उलगडायला एका बाईचं अख्खं आयुष्य गेलं.

आजही धोरणं ठरतात तेव्हा शेतकऱ्याला काय करायला लावायचं हे आधी ठरतं. त्या जमिनीला काय झेपतं हे तिथे पन्नास वर्षं राहिलेल्या बाईला विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही. कॅरोलाइनबाईंनी कुणी न विचारता लिहून ठेवलं. निदान वाचून तरी घेऊ.